मक्केहून धुळ्याला फोन

उमऱ्याला निघायचे ठरले की खान्देशातल्या घरात शेवटच्या आठवड्यात दोनच विषय चालतात. एक, इहराम साध्या सुती कापडाचा घ्यायचा की टॉवेलच्या कापडाचा. आणि दुसरा, तिकडे फोनचे काय करायचे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मोहल्ल्यातले कुणीही हाजीसाहेब देतात. दुसऱ्याचे उत्तर मात्र ज्याला विचारावे तो वेगळे देतो. आम्ही जळगाव आणि धुळे मिळून अकरा जण गेलो. त्यात चार जण साठीच्या पुढचे, दोघींना कीपॅडच्या फोनपलीकडे काही माहीत नाही, आणि धुळ्याच्या खालांचे तर अर्धे मन घरीच होते. खालूंचे आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू होते. ते येऊ शकत नव्हते, पण त्यांनीच हट्टाने खालांना मुलासोबत पाठवले. “माझ्यासाठी थांबशील तर दोघांचेही राहून जाईल,” असे ते म्हणाले. म्हणून आमच्याकडे फोन ही चैनीची बाब नव्हती.

जळगावात मोबाईलचे काम म्हटले की पाय आपोआप गोलाणी मार्केटकडे वळतात. तिथे चौकशी केल्यावर तीन मार्ग समजले. आपलेच सिम ठेवून रोमिंगचा पॅक टाकायचा. किंवा इथूनच परदेशी प्रवासाचे सिम, ज्याला दुकानदार ट्रॅव्हल सिम म्हणतात, ते विकत घ्यायचे. किंवा जेद्दाला उतरून तिथले सिम घ्यायचे. चौथा मार्ग ई-सिमचा, पण आमच्यातल्या बहुतेकांचे फोन त्या लायकीचे नव्हते.

यातला फरक कळायला हवा, तो दुकानात कुणी नीट सांगत नाही. आपले भारतातले सिम घेऊन गेलो तर आपला नंबर अजून भारतातच आहे असे कंपनी धरते. धुळ्याहून कुणी फोन लावला की तो आधी भारतातल्या कंपनीकडे जातो आणि मग ती कंपनी तो समुद्रापार आपल्यापर्यंत पोहोचवते. या पुढच्या टप्प्याचे पैसे आपल्याकडून घेतात. म्हणून रोमिंगवर फोन उचलला तरी पैसे लागतात, आणि पॅक नसेल तर दर ऐकूनच घाम फुटतो. सौदीतले सिम घेतले तर तिथे येणारा फोन आपल्याला फुकट, पण धुळ्याहून लावणाऱ्याला तो आयएसडी पडतो. घरातल्या प्रीपेड नंबरवर आयएसडी चालू नसेल तर फोन लागतच नाही, आणि घरचे इकडे काळजीत पडतात की हे लोक फोन का उचलत नाहीत. ट्रॅव्हल सिमचे सुख एवढेच की नंबर जाण्याआधी हातात येतो, तो घरात सगळ्यांना वाटता येतो. पण ते सिम खऱ्या अर्थाने सुरू होते तिकडे उतरल्यावर. आमच्यापैकी दोघांनी इथल्याच एका दुकानातून अशी सिमे घेतली होती. जेद्दाला उतरल्यावर पहिला संपूर्ण दिवस ती मुकीच राहिली, आणि दुकानदाराला विचारायचे तर फोन लागायला हवा ना!

आमच्या आजोबांच्या पिढीला हे ऐकून हसू आले असते. खान्देशातून हजला जाण्याचा रस्ता फार जुना आहे. बुऱ्हाणपूरहून तापीच्या काठाकाठाने थाळनेर, नंदुरबार करत सुरतेला जाणाऱ्या वाटेवरून व्यापाऱ्यांच्या मालाबरोबर हाजीही चालत. सुरतेला ‘बाब-उल-मक्का’, मक्केचा दरवाजा, म्हणत. आमच्या धुळे जिल्ह्यातल्या थाळनेरला फारुकी सुलतानांचे मकबरे आजही उभे आहेत. त्यांच्या काळात हजला निघालेला माणूस घरच्यांशी कायमचा निरोप घेऊनच निघे. कर्ज फेडून, वसियत करून, सगळ्यांकडून कहासुना माफ करून घेऊन. परत आला तर तीच खबर. पुढे रेल्वे आली, मुंबई बंदर आले, आगबोटी आल्या. लोक मुंबईत साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात उतरत आणि तिथून जहाजावर चढत. घरी पत्र पोहोचेपर्यंत कधी कधी हाजीसाहेब स्वतःच पोहोचत.

समुद्रमार्गे हजची ही सोय 1995 मध्ये बंद झाली. त्याच वर्षी 31 जुलैला भारतात पहिला मोबाईल फोन लागला, कोलकात्याहून दिल्लीला. एकाच वर्षात शेवटचे जहाज आणि पहिला मोबाईल, हा योगायोग आम्हाला मोठा वाटतो. पण मोबाईल आमच्या गल्लीत यायला आणखी कित्येक वर्षे लागली. मधला काळ पिवळ्या पाट्यांच्या एसटीडी-आयएसडी बूथचा. काचेची केबिन, लाल आकड्यांचे मीटर, आणि बाहेर बाकावर बसलेले अख्खे घर. 15 एप्रिल 1997 रोजी मिनामध्ये तंबूंना आग लागली आणि 343 लोक शहीद झाले, त्यात भारतातलेही बरेच होते. रेडिओवर आगीची बातमी आली, पण आपले माणूस कोणत्या तंबूत होते हे सांगणारे कुणी नाही. त्या आगीनंतर मिनामध्ये आग न पकडणारे तंबू आले. आजचे हाजी त्या तंबूतून घरी व्हिडिओ कॉल करतात तेव्हा वडीलधारी माणसे गप्प बसून बघतात, त्यामागे हे सगळे असते.

असो. जळगावहून आम्ही रात्रीच्या गाडीने निघालो. धुळ्याचे पाच जण चाळीसगावला चढले. मुंबईहून जेद्दा पाच-साडेपाच तासांवर. विमानतळावर बाहेर पडण्याच्या वाटेवर एसटीसी, मोबिली आणि झैन या तिथल्या कंपन्यांचे काउंटर ओळीने आहेत. पासपोर्ट दाखवायचा आणि बोटाचा ठसा द्यायचा. 2016 पासून सौदीत ठशाशिवाय सिम मिळत नाही.

आणि इथेच आमची गाडी अडली. ज्या फुफींनी आयुष्यभर कापूस वेचला आणि ज्या फुफांनी धुळ्याच्या पॉवरलूमवर चाळीस वर्षे धागे जोडले, त्यांच्या बोटांवर ठसा राहिलाच नव्हता. काउंटरवरचा मुलगा उर्दू समजणारा होता, अदबीने वागला. अंगठा झाला, तर्जनी झाली, बोट पुसून झाले, ओले करून झाले. यंत्र काही घेईना. फुफी म्हणाल्या, “आमच्या रेशन दुकानातले यंत्रही असेच करते बेटा, तू मनाला लावून घेऊ नकोस.” मागची रांग हसली. शेवटी दोघांसाठी एक सिम त्यांच्या मुलाच्या नावाने घेतले. एका पासपोर्टवर किती सिम मिळणार याला मर्यादा असते, तेव्हा वयस्कर माणसे सोबत असतील तर कुणाच्या नावावर कुणाचे सिम निघणार हे घरूनच ठरवून निघावे. काउंटरवर घाई असते, डोळ्यांवर झोप असते आणि अंगावर इहराम असतो.

आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी कामी आली. ज्यांच्या फोनमध्ये दोन सिमची जागा होती, त्यांनी भारतातले सिम काढले नाही. त्यावरचे रोमिंग निघण्यापूर्वीच चालू करून घेतले होते आणि इंटरनेट मात्र बंद ठेवले होते. कारण बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. रोमिंगवर येणाऱ्या एसएमएसचे सहसा पैसे पडत नाहीत. सौदीचा रियाल डॉलरला 3.75 या दराने बांधलेला आहे, म्हणजे अलीकडच्या वर्षांत एक रियाल बावीस-तेवीस रुपयांच्या आसपास पडतो. औषधाला किंवा टॅक्सीला कार्ड वापरायची वेळ आली आणि ओटीपीच आला नाही तर खिशात पैसे असून उपयोग नाही. सिम बदलले की व्हॉट्सॲप विचारते, नंबर बदलायचा का. नाही म्हणायचे. जुन्या नंबरवरचेच व्हॉट्सॲप नव्या सिमच्या इंटरनेटवर व्यवस्थित चालते.

व्यवस्थित म्हणजे निरोप आणि व्हॉइस मेसेज. कॉलची गोष्ट वेगळी. इंटरनेटवरून बोलण्यावरची बंदी सौदी सरकारने 2017 च्या सप्टेंबरमध्ये उठवली, पण ती नियम पाळणाऱ्या ॲपपुरती. व्हॉट्सॲपचे कॉल त्यानंतरही अनेक वर्षे तिथे अडत राहिले. आमचे कधी लागत, कधी नुसते घुरघुरत. म्हणून आखाती देशांत राहणारी आपली मुले आयएमओसारखी ॲप वापरतात, तेच आम्हीही घरी आणि इकडे दोन्हीकडे टाकून ठेवले होते. दुबईमार्गे जाणाऱ्यांनी हे आधीच बघून ठेवावे, तिथे तर अधिक कडक आहे.

आता अडीच तासांबद्दल. भारताची घड्याळे सौदीपेक्षा अडीच तास पुढे. पण मक्केला राहून आमच्या एक गंमत लक्षात आली. मक्का आणि खान्देश पृथ्वीवर जवळजवळ एकाच आडव्या रेषेवर आहेत. मक्का 21.4 अंशांवर, शिरपूर साधारण तेवढ्यावरच, जळगाव 21 अंशांवर, धुळे त्याहून किंचित खाली. म्हणून तर आपल्याकडे किब्ला जवळजवळ सरळ मावळतीला येतो. आणि म्हणूनच नमाजच्या वेळा घड्याळाच्या आकड्यात जवळपास सारख्या! जळगावात मगरीब पावणेसातला असेल तर मक्केतही तिथल्या घड्याळाने पाच-सात मिनिटांच्या फरकाने तेव्हाच. फक्त तो क्षण अडीच तासांनी येतो. म्हणजे आम्ही हरममध्ये मगरीब पढून बसायचो तेव्हा घरी इशा होऊन जेवणेही आटोपलेली असत. तीच आमची फोनची वेळ ठरली. दिवसभर फोन बंद. अकरा जणांत एकाकडेच चालू, निकडीसाठी.

हे ठरवून केले ते बरे झाले, कारण मताफमध्ये जे दिसते ते पाहून वाईट वाटते. समोर काबा आहे आणि माणूस त्याच्याकडे पाठ करून फोनच्या पडद्यावर घरच्यांना हात हलवतो आहे. तवाफ चालू आणि कानाला फोन. मागचा धक्के खातो, दुआ राहून जाते. घरच्यांनाही सांगून ठेवावे लागते की दर तासाला ‘आता काबा दाखवा’ म्हणू नका. आमच्या मते एकदा दाखवावा, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तर जरूर दाखवावा, त्यांचे डोळे भरून येतात. पण मग फोन पिशवीत टाकावा.

खालांचा नेम निराळा होता. त्यांना स्वतःला मेसेज पाठवता येत नव्हता, पण आलेला ऐकता येत होता. खालू रोज रात्री नातवाच्या फोनवरून एक व्हॉइस मेसेज पाठवत. दोन-तीन मिनिटांचा. काय खाल्ले, डायलिसिस कसे झाले, शेजारच्या कुणाची म्हैस व्याली, नळाला पाणी किती दिवसांनी आले. खाला तो मेसेज हॉटेलच्या खोलीत कानाला लावून ऐकत, मग दुसऱ्यांदा आम्हा सगळ्यांना ऐकवत. तिकडून विचारलेल्या प्रश्नांना त्या तिथल्या तिथे उत्तरे देत, जणू खालू ऐकत आहेत.

मक्केतल्या सहाव्या दिवशी जोहरनंतर त्यांच्या थोरल्या मुलाचा फोन आला. खालूंना दवाखान्यात ठेवले आहे, डॉक्टर फारशी आशा देत नाहीत, पण अम्मींना इतक्यात कळू देऊ नका. मदिना होऊ द्या, परत आल्यावर बघू. आमच्यात यावरून असरपर्यंत वाद झाला. काही जणांचे म्हणणे, ती अल्लाहच्या घरी आली आहे, तिचे मन इबादतीत राहू द्या, कळून ती करणार काय? मामूंचे म्हणणे उलट. ते म्हणाले, “चाळीस वर्षांचा संसार तिचा आहे. आपण कोण ठरवणार तिला कधी सांगायचे?” दोन्ही बाजूंची माणसे प्रेमानेच बोलत होती, म्हणून वाद आणखी अवघड झाला.

निर्णय आम्हाला घ्यावाच लागला नाही. त्या रात्री व्हॉइस मेसेज आला नाही. खालांनी एकदा विचारले, दोनदा विचारले, मग मुलाच्या तोंडाकडे बघितले आणि म्हणाल्या, “सांग.”

सांगितल्यावर त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, मला त्यांच्याशी बोलायचे आहे. तिकडे नातू दवाखान्यात बसला होता. व्हिडिओ लावला तर चित्र अडकून पडले, खालूंचे तोंड अर्धे उघडे तसेच थिजलेले. ते बघवेना, म्हणून बंद केला. आयएमओ दोनदा लागले, दोनदा तुटले. हॉटेलच्या वायफायवर त्या वेळी अख्खी इमारत घरी बोलत असते. शेवटी साधा फोन लावला, सौदीच्या सिमवरून सरळ धुळ्याच्या नंबरला, आपल्या जुन्या बूथसारखा. तो मात्र स्वच्छ लागला. सिममध्ये रियाल थोडेच होते, म्हणून एक जण धावत खालच्या बकाल्यात, म्हणजे तिथल्या किराणा दुकानात, रिचार्जला गेला. दरम्यान फोन तुटला नाही, अल्लाहचे उपकार.

खालूंना फार बोलता येत नव्हते. खालांनीच सांगितले, उमरा झाला, तुमच्या नावाने तवाफ केला, झमझम घेतले आहे. मग दोघांनी एकमेकांना कहासुना माफ केले. निघताना स्टेशनवर हेच शब्द दोघे बोलले होते, पण तेव्हा ती रीत होती. सगळे मिळून अकरा-बारा मिनिटे. खोलीत आम्ही सगळे होतो आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतो.

तिसऱ्या दिवशी फजरच्या सुमारास खालूंचे निधन झाले. इन्ना लिल्लाह.

धुळ्यात दफन असरनंतर ठरले. मुलांनी विचारले, अम्मी, जनाजा व्हिडिओवर दाखवू का? हल्ली असे करतात, आखातात अडकलेली मुले बापाचा जनाजा फोनवरच बघतात, त्यांना नावे ठेवण्याचा आम्हाला हक्क नाही. पण खाला नको म्हणाल्या. त्यांनी फक्त विचारले, नमाज किती वाजता उभी राहील? तिकडचे पाच, म्हणजे इकडचे अडीच. त्या वेळी त्या मुलासोबत हरममध्ये जाऊन बसल्या. हरममध्ये बहुतेक प्रत्येक फर्ज नमाजनंतर जनाजाची नमाज होते. दहा दिवस आम्ही रोज ती पढत होतो. कोण मेले, कुठल्या देशाचे, काही ठाऊक नाही. खाला नंतर म्हणाल्या, “मी इथे इतक्या अनोळखी लोकांसाठी उभी राहिले. तिकडेही त्यांच्या मागे उभे राहायला कुणी कमी पडले नसेल.” कमी पडले नव्हते. मोहल्ल्यातले लूम त्या दिवशी दुपारनंतर बंद होते.

मग इद्दतचा प्रश्न आला. खालांनी लगेच घरी जावे की ग्रुपसोबत राहावे? धुळ्याच्या आलिमसाहेबांना त्याच सिमवरून फोन करून सगळी परिस्थिती सांगितली. त्यांनी सांगितले, सोबत मुलगा, म्हणजे महरम, आहे. घाईघाईने एकटीची धावपळ करू नका, सगळ्यांसोबतच परत या आणि उरलेली इद्दत घरी पूर्ण करा. अशा वेळी आपल्याच ओळखीच्या आलिमशी बोलता येणे किती धीराचे असते, हे तिथे कळले. शेजारच्या खोलीतल्या प्रत्येकाकडे एक मसला असतो, आणि तो बहुधा अर्धा असतो.

मदिनेला आम्ही हरमैन रेल्वेने गेलो. तिथे रौजामध्ये जायचे तर नुसुक ॲपवरून वेळ घ्यावी लागते, आणि दारावर फोनमधला परवाना दाखवावा लागतो. ज्याच्याकडे फोन नाही किंवा इंटरनेट संपले आहे तो दाराशी ताटकळतो. कीपॅडवाल्या दोघींचे परवाने आम्ही आपल्या फोनमध्ये काढले, वेळेच्या पट्ट्या जुळवता जुळवता एक संध्याकाळ गेली. ज्यांना हे जमणार नाही त्यांच्यासाठी गळ्यात अडकवायच्या ओळखपत्रावर हॉटेलचे नाव आणि दोन सौदी नंबर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावेत. मक्का आणि मदिना दोन्हीकडे मदतीसाठी 911, रुग्णवाहिकेसाठी 997. फुफी मस्जिद-ए-नबवीच्या आवारात एकदा वाट चुकल्या. सगळे दरवाजे, सगळ्या छत्र्या सारख्या दिसतात. त्यांनी एका इंडोनेशियन मुलीपुढे ते ओळखपत्र धरले, तिने नंबर लावला, आणि दहा मिनिटांत आम्ही पोहोचलो. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण आम्ही गेलो तेव्हा त्या खजूर खात बसल्या होत्या.

परतताना सौदीची सिमे कुणी पुढच्या ग्रुपला देऊ म्हणत होते. देऊ नयेत. ती आपल्या पासपोर्टवर आणि ठशावर नोंदलेली असतात. त्यावरून कुणी काय केले याचा जाब आपल्यालाच. आम्ही काढून मोडून टाकली. मुंबईला उतरल्यावर भारतातली सिमे जागी झाली आणि खालांच्या फोनवर तीन आठवड्यांचे सांत्वनाचे निरोप एकामागून एक वाजायला लागले. चाळीसगावपर्यंत ते वाजतच होते.

खालूंचे व्हॉइस मेसेज त्या फोनमध्ये आहेत. इद्दत संपल्यावर गोलाणीतल्या एका मुलाकडून आम्ही ते वेगळ्या कार्डावर उतरवून घेतले, कारण फोन जुना आहे आणि कधीही बंद पडेल. मुलाने काम झाल्यावर तपासायला पहिलाच मेसेज लावला. दुकानात खालूंचा आवाज आला, नळाला आज आठव्या दिवशी पाणी आले म्हणून.